आजोबांच्या ट्रंकेतला घडीचा चाकू: घासू नको, आधी उघडून ऐक

एका तरुणाने फोटो पाठवून विचारलंय, ते थोडक्यात असं: "काका, भुसावळच्या जुन्या घरात आजोबांची ट्रंक उघडली. आजोबा रेल्वेत होते. ट्रंकेत हाडाच्या मुठीचा, दोन पात्यांचा घडीचा चाकू निघाला. गंजलाय, मोठं पातं उघडत नाही. घासून चकचकीत करून शोकेसमध्ये ठेवू का? किंमत किती येईल? खिशात ठेवला तर पोलीस पकडतील का? आणि अमळनेरला तुमची मंडळी रविवारी चाकू घेऊन बसतात असं ऐकलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आलो तर चालेल का? नुसत्या चाकूंवर इतका वेळ बोलता तरी काय?"

घासू नको. बाकीची उत्तरं लांबलचक आहेत, सवडीने वाच.

आधी फोटोत काय दिसतं ते सांगतो. लहान पात्याच्या बुडाशी एक चांदणी आहे आणि तिच्या शेजारी टोकाला रुंद होत गेलेला क्रूस. ही इंग्लंडातल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या चाकू बनवणाऱ्या कंपनीची खूण, १६८२ पासूनची. त्याच्या वर मुकुट आणि मुकुटाच्या दोन्ही बाजूंना जी आणि आर ही अक्षरं आहेत. जी आर म्हणजे राजा जॉर्ज. व्हिक्टोरियाच्या काळात तिथे व्ही आर असायचं, १९०१ ते १९१० एडवर्डचं ई आर. म्हणजे तुझा चाकू १९१० च्या पुढचा. जॉर्ज नावाचे राजे आधीही होऊन गेले, पण त्यांच्या काळातला चाकू असा दिसत नाही. खाली ‘इंग्लंड’ लिहिलेलं आहे का बघ. अमेरिकेने १८९० च्या कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यानंतर हा शब्द पात्यांवर सर्रास दिसू लागला. आणखी एक गोष्ट: रॉजर्स हे नाव इतकं चाललं की त्याच्या नकलाही भरपूर निघाल्या. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधला ‘डी’ आहे की नाही, अक्षरं ठसठशीत आहेत की पसरट, हे भिंगातून पाहायचं. फोटोवरून मला तरी तो अस्सल वाटतो, पण हातात घेतल्याशिवाय पैज लावणार नाही.

आता पातं उघडण्याचं. लोक घाई करतात ती इथेच. पक्कड लावायची नाही. पकडीचे दात पात्यावर उमटले की ते जन्मभर राहतात, आणि गंजलेल्या खाचेशी पातं मोडतंही. घडीच्या चाकूत काय असतं हे डोळ्यांसमोर आण: मुठीच्या पाठीवरून एक पोलादी पट्टी जाते, ती कमान. पात्याचं बूड एका खिळ्यावर फिरतं आणि कमान त्या बुडावर सतत दाब देते. पातं उघडं राहतं ते त्या दाबाने आणि मिटलेलं राहतं तेही त्याच दाबाने, त्यात कुलूप वगैरे काही नाही. गंज धरतो तो खिळ्याभोवती आणि बुडाच्या दोन्ही गालांवर. म्हणून औषधही तिथेच हवं. इंजेक्शनच्या सुईने शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब पात्याच्या आणि मुठीच्या आतल्या पितळी पत्र्याच्या फटीत सोड. पूर्वी आम्ही रॉकेल वापरायचो, आता ते मिळायची मारामार. गंज सोडवणारा स्प्रे चालतो, पण हाडावर उडू देऊ नको, डाग पडतो. मूठ खाली, फट वर अशी रात्रभर ठेव. दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब. घाईला इथे थारा नाही.

मग आइस्क्रीमची लाकडी काडी तिरकी कापून तिचं टोक नखखाचेत, म्हणजे पातं नखाने उचलायला असलेल्या खाचेत, घाल आणि हळूच उचल. केसाएवढं हललं तरी थांब, परत मीट, परत तेल. मधूनमधून काळपट-तांबडा चिखल बाहेर येईल, तो जुन्या सुती धोतराच्या चिंधीने टीप. उघड-मीट करत राहशील तसतसा हा चिखल फिका होत जातो. शेवटी स्वच्छ तेल बाहेर येऊ लागलं की सांधा मोकळा झाला म्हणायचं. लहान पातं उघडतंय म्हणतोस, त्यालाही हेच कर, कारण कमानीच्या आतल्या अंगाला गंज असणारच. नंतर कोरड्या ब्रशने आतला कचरा काढ. जुन्या चाकूच्या पोटात काय काय निघतं! तंबाखू, दोऱ्याचा पुंजका, पेन्सिलीचा भुसा. रेल्वेतल्या माणसाच्या चाकूतून मी इंजिनाच्या कोळशाची पूड काढली आहे.

पात्यावरचा गंज दोन तऱ्हेचा असतो. तांबडा, खरबरीत, बोटाला लागणारा गंज पोलाद खातो, तो काढायचाच. त्यासाठी तेल लावून तांब्याचा जुना पैसा कडेने घास. तांबं पोलादापेक्षा मऊ, म्हणून गंज निघतो आणि पात्याला ओरखडा पडत नाही. खाली जो करडा, निळसर, कुठे जांभळट रंग दिसेल तो मात्र ठेवायचा. तो गंज नाही, वापराने चढलेला थर आहे आणि तो पात्याला पुढच्या गंजापासून थोडंफार वाचवतोही. संग्रह करणारे त्याला पॅटिना म्हणतात. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतलं काहीही लावू नको. घरची मंडळी तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या सवयीने चिंच पुढे करतील, त्यांचंही बरोबर आहे, पण आंबट पाण्याने कार्बन पोलाद, म्हणजे स्टेनलेस नसलेलं जुन्या तऱ्हेचं पोलाद, खरवडलं जातं आणि बुडावरची अक्षरं पुसट होतात. बफिंग व्हीलवर धरलास तर अक्षरांच्या कडा गोल होतील, आणि मग चांदणी आणि क्रूस ओळखायला मलाही कल्पनाशक्ती लागेल. असे चकाकणारे मुडदे दर वर्षी माझ्याकडे येतात.

पॅटिनाचा विषय निघाला की आमच्या रविवारच्या बैठकीत रावेरचे आप्पा खिशात हात घालतात. त्यांची केळीची बाग आहे. त्यांचा चाकू जवळजवळ काळा पडलाय, कारण केळीच्या चिकात टॅनिनसारखी द्रव्यं असतात आणि लोखंडाशी गाठ पडली की ती काळी-निळी होतात. घड उतरवायला कोयता, पण फण्यांची टोकं साफ करायला, सुतळी कापायला, ठिबकची नळी छाटायला त्यांना खिशातला चाकू लागतो. चीक पात्यावर वाळू दिला की लाखेसारखा बसतो, म्हणून ते लगेच पानाने पुसतात. त्यांच्या पात्यावर एके ठिकाणी बोटाच्या ठशाएवढा भाग अजून उजळ आहे, अंगठा नेहमी तिथे टेकतो म्हणून. असा चाकू विकत मिळत नाही, आणि आप्पा तो विकणारही नाहीत.

आम्ही बोलतो काय, तर बोलणं सुरू होतं आवाजावरून. कोणी नवा चाकू आणला की शेजारचा म्हणतो, "दखाड बरं," आणि मग सगळे गप्प होतात. पातं अर्धं उघडतो, मग पूर्ण. चांगल्या कमानीचा चाकू उघडताना एक नेमका टक्क आवाज देतो आणि मिटताना दुसरा, जरा दबका. चांगल्या चाकूंच्या काही जातींत अर्ध्यावर, म्हणजे पातं मुठीशी काटकोनात आलं की, तो क्षणभर थांबतो. हा थांबा बोटं वाचवतो, कारण मिटताना पातं एका झटक्यात बोटांवर येत नाही. मिळमिळीत आवाज म्हणजे कमान थकली किंवा बूड झिजलं. मिटताना पात्याची धार आत कमानीवर आपटत असेल तर धारेवर बरोबर त्या जागी एक खळगा दिसतो. असा चाकू हातात आला की पातं आपटू न देता दोन बोटांनी हळूच मिटवायचं.

आवाजानंतर उजेड. चाकू मिटून खिडकीकडे धरतात आणि कमान व पितळी पत्रा यांच्यामधून प्रकाश येतो का बघतात. उत्तम घडणीत सुईएवढीही फट नसते. मग पातं उघडून आडवं हलवायचं, डुलतंय का ते पाहायला. मग नख. कमान इतकी ताठ की नख मोडावं, असा चाकू कौतुकाचा नव्हे; रोज वापरणाऱ्याला तो नकोच. हे सगळं झाल्यावर मग कुणीतरी विचारतो, "कितलाले लिधा?" किंमत शेवटी विचारायची, हा आमच्यातला अलिखित नियम. आधी किंमत ऐकली की कान खोटं बोलतात.

चाकू एकमेकांच्या हातात द्यायचा नाही, मिटून टेबलावर ठेवायचा आणि दुसऱ्याने उचलायचा. म्हातारी माणसं म्हणतात की हातात दिला तर भांडण होतं. भांडणाचं देव जाणे, पण बोट कापत नाही हे खरं. पाहून झाल्यावर पातं पुसून परत करायचं. घामातलं मीठ एका रात्रीत अंगठ्याचा ठसा उमटवतं.

आमच्यात सूरत-भुसावळ लाइनवरची माणसं जास्त. दोंडाईचा, नंदुरबार, धरणगाव, जळगाव, गाडी जिथे थांबते तिथून कोणी ना कोणी येतं. प्रत्येकाची आवड वेगळी. एक निवृत्त गुरुजी आहेत, ते फक्त लहान पात्याचे पेनचाकू जमवतात. पिसाची लेखणी तासायला निघालेली ही जात, आणि आपल्याकडे तिने बोरूची टोकं कापली. गुरुजी बोरू कापून दाखवतात: आधी लांब तिरका छेद, मग टोकाला उभी चीर, मग आडवा तोड, आणि तो तोड एकाच दाबात पडला पाहिजे. ते करताना पेनचाकूचं पातं एवढं लहान आणि सरळ का असतं हे सांगावं लागत नाही.

एकाचा भाचा अमेरिकेत असतो, तो पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड गावच्या केस कंपनीचे चाकू आणतो. केसच्या नंबरांवर आमची अख्खी सकाळ जाते. पात्यावर ६३१८ असेल तर पहिला आकडा मुठीचा, सहा म्हणजे खाचा पाडलेलं हाड. दुसरा पात्यांची संख्या, तीन. उरलेला १८ हा घाटाचा नंबर. पहिला आकडा तीन असेल तर मूठ पिवळी. साल शोधायचं तर ठिपके मोजायचे: १९७० साली बुडावर १० ठिपके असायचे, पुढे दरवर्षी एक कमी होत गेला. हे कळलं की नवा माणूसही पाच मिनिटांत एखाद्या चाकूचं वय सांगू लागतो, आणि मग त्याला या छंदाची कायमची बाधा होते.

त्या ६३१८ ला तिकडे स्टॉकमन म्हणतात, गुराख्यांचा चाकू. तीन पाती. टोकदार पातं किरकोळ कामाला. दुसरं सरळ धारेचं, टोक नसलेलं. ते पाटावर सपाट टेकतं, म्हणून ठिबकची काळी नळी काटकोनात कापायला याच्यासारखं दुसरं नाही. आप्पांनी एकदा मागून घेतलं आणि दोन आठवडे परत केलं नाही. तिसरं बोथट टोकाचं, ते तिकडे जनावरं खच्ची करायला होतं. आपल्याकडे त्या कामाला चिमटा आला, तेव्हा तिसऱ्या पात्याला इथे काम उरलेलं नाही. भाचा त्याने संत्रं सोलतो.

फ्रान्सच्या सॅव्हॉय भागातला ओपिनेल हा बैठकीतला दुसरा कायमचा विषय. जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये बनवायला घेतला, त्याच्या मापांना नंबर आहेत, मूठ बीच लाकडाची, आणि गळ्याशी फिरवायचं कडं आहे, ज्याने पातं उघडं असताना मिटत नाही. ते कडं १९५५ मध्ये आलं. त्यात कमान नाही, लाकडाच्या फटीत पातं घट्ट बसतं, एवढंच. खानदेशात या चाकूचं वागणं पाहण्यासारखं असतं. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या वर गेला की लाकूड आकसतं आणि पातं ढिलं पडतं. आषाढात तेच लाकूड फुगतं आणि पातं नखाने उघडेना होतं. सॅव्हॉयचे लोक अशा वेळी मुठीचं बूड टेबलावर आपटतात, पातं थोडं बाहेर येतं, मग बोटांनी ओढायचं. आमच्या टपरीवाल्याने हे एकदा पाहिलं आणि आता पावसाळ्यात तो आम्हाला टेबल देत नाही, बाक देतो.

त्या लाकडाला जवसाचं तेल पाजतात. आपल्याकडे जवस मिळतंच. पातळ हात लावायचा, तासाभराने पुसायचा, दोन-चार दिवसांनी पुन्हा. एक इशारा: जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नको. ते तेल वाळताना स्वतःच तापतं, आणि आपल्या उन्हाळ्यात तशी चिंधी आपोआप पेटू शकते. पसरून वाळव किंवा पाण्यात बुडवून टाक. सांध्यात मात्र जवसाचं तेल अजिबात नाही, तिथे ते वाळून डिंक होतं. शेंगदाण्याच्या तेलाचीही तीच गत. खोबरेल वाळत नाही, पण थंडीत धुळ्याला पारा खाली आला की थिजतं आणि चाकू उघडताना गूळ कापल्यासारखं वाटतं. फळं कापायच्या चाकूला औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन उत्तम, बाकीच्यांना मशीन ऑइल.

आमचा सगळ्यात जुना वाद देशी विरुद्ध परदेशी. माझं मत मी आधीच सांगून टाकतो: पेटीत दहा परदेशी चाकू असलेल्या माणसापेक्षा लोहाराशी बसून एक चाकू घडवून घेतलेल्याला जास्त कळतं. अंजारचे चाकू आणि अडकित्ते कच्छहून खानदेशात येत राहिले. आमच्याकडच्या जुन्या गुजराती व्यापाऱ्यांच्या घरात ते अजून सापडतात. त्यांच्या मुठीवरची पितळेची नक्षी पाहण्यात तासभर सहज जातो. बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते तेव्हा, किंवा दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांच्या बाजारात, लोहारांची पालं धुंडाळणं हा आमचा कार्यक्रम असतो. तिथला माणूस ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद तापवतो, ठोकतो आणि पाणी पाजतो, म्हणजे तापलेलं पातं एकदम थंड करून कडक करतो. दिसायला ओबडधोबड, पण पाणी बरोबर बसलं तर त्याची धार कुठल्याही नावाजलेल्या पात्याच्या मागे राहत नाही. पाणी बसलं का हे बघायला आम्ही धारेजवळ कानस हलकेच फिरवतो. कानस सरकली तर बरं, रुतली तर पातं मऊ.

गुरुजी हे मानत नाहीत. त्यांचं म्हणणं, शेफील्डच्या घडीचा नेमकेपणा पालात येणार नाही. बरोबरच आहे. कमान आणि बूड यांचं जुळणं हे बारीक घासकाम आहे, त्याला वेळ आणि काम घट्ट धरून ठेवणारं फिक्स्चर लागतं. पण धार ही वेगळी गोष्ट.

हिवाळ्यात आमची एक बैठक शेतात होते, भरिताची. जळगावची भरिताची वांगी, तुराट्यांचा जाळ, लाकडी उखळी, कांद्याची पात, कळण्याच्या भाकरी. त्या दिवशी सगळे चाकू कामाला लागतात. वांगं भाजायच्या आधी त्याला चीर द्यावी लागते, नाहीतर फुटतं. कार्बन पोलादाने दिलेली चीर दोन मिनिटांत काळी पडते, स्टेनलेसने दिलेली पडत नाही. एका ओळीत सहा वांगी ठेवून कोणती चीर कोणाच्या चाकूची हे ओळखायचा खेळ होतो. कांद्याची पात चिरताना खरी परीक्षा: पात दबून चिरडली तर धार गेलेली आहे, मालक कितीही बोलो.

धारेबद्दल कळकळीने सांगतो. सायकलवर सान घेऊन फिरणारे कारागीर विळे, कोयते, कात्र्या यांना झकास धार लावतात, त्यांचं पोट त्यावर आहे आणि त्यांना काम द्यावं. खिशातल्या चाकूचं पातं मात्र त्यांच्याकडे देऊ नये. पातं इतकं पातळ असतं की ठिणग्या उडायच्या आत टोक तापतं. २२० अंशांच्या आसपास पोलाद गव्हाळ पिवळं होतं, ३०० च्या जवळ निळं. टोक निळं झालं म्हणजे तिथलं पाणी उतरलं, पुढे ते टोक कितीही घासलं तरी धार धरत नाही. हातानेच लाव. हार्डवेअरच्या दुकानातला दुहेरी धारेचा दगड पुरतो. पातं दगडाशी १५ ते २० अंशांवर धरायचं. अंदाज असा: आधी काटकोन, त्याचं अर्धं, त्याचंही अर्धं, आणि त्याहून जरासं कमी. एका बाजूने घासत राहायचं, दुसऱ्या बाजूच्या धारेवर बोटाला केसासारखी तार लागेपर्यंत. मग दुसरी बाजू. मग चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर मागे ओढून ती तार काढायची. तुझ्या रॉजर्सला यातलं काहीही लगेच करू नको. आधी पातं किती झिजलंय ते पाहू.

ठेवण्याबद्दल दोन गोष्टी, बाकी सगळं सोपं आहे. चामड्याच्या म्यानात कायम ठेवायचा नाही. चामडं कमावण्याची रसायनं आणि ओल पात्याला खातात. आणि जुन्या, चमकदार, संगमरवरासारख्या नक्षीच्या मुठी सेल्युलॉइडच्या असू शकतात. त्या जुनाट झाल्या की आंबट वास येतो आणि त्यातून निघणारी वाफ शेजारच्या सगळ्या चाकूंना गंजवते. असा चाकू एकटा ठेवायचा, हवेशीर. तुझी मूठ हाडाची आहे, फोटोत बारीक ठिपके दिसताहेत, म्हणून ही भीती नाही. मुठीवरचा तडा हलत नसेल तर तसाच राहू दे. हलत असेल तर पातळ सुपरग्लूचा एक थेंब पुरे.

पोलिसांचं. शस्त्र नियम, २०१६ मध्ये परवाना लागणाऱ्या हत्यारांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळलेत. तुझं पातं त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नको. सणावारी, निवडणुकीत, मोर्चा असेल तेव्हा महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो आणि त्यात चाकू बाळगण्यावरही बंदी असते. पेपरात ती बातमी येते, ती वाचत जा. त्या दिवसांत चाकू घरी. विमानात हातातल्या बॅगेत नाही, सामानात चालतो. बटण दाबलं की फटकन उघडणारे चाकू आमच्या बैठकीत आणायचेच नाहीत. कुणी रामपुरीचा विषय काढतोच, काढू दे. उत्तर प्रदेश सरकारने त्याच्या साडेचार इंचांपेक्षा मोठ्या पात्यावर बंदी आणली आणि तो धंदा बसला. रामपूरला चौकात २० फुटी रामपुरीचं शिल्प उभारलंय, २०२३ मध्ये. बोलायला छान विषय आहे, खिशात ठेवायला नाही.

याहून जास्त सांभाळायचं ते मुठीचं. हस्तिदंत किंवा सांबरशिंगाची मूठ दिसली तर हात लावायच्या आधी विचार कर. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली त्यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे, आणि शिंग आपोआप गळालेलं होतं ही सबब चालत नाही. बैलाचं, उंटाचं हाड किंवा म्हशीचं शिंग असेल तर काही अडचण नाही. फरक कळत नसेल तर विकत घेऊ नको.

किंमत मी सांगणार नाही, कारण फोटोवर किंमत सांगणारा एकतर विकणारा असतो नाहीतर घेणारा. कशाने वाढते ते सांगतो: पात्याची मूळ रुंदी शिल्लक असणं, अक्षरं वाचता येणं, कमानीचा आवाज, मूठ मूळची असणं. चकाकीने कमी होते. तुझ्या घरात विचारून बघ, तो चाकू ट्रंकेत कसा गेला. पुष्कळ घरांत चाकू किंवा अडकित्ता बाळंतिणीच्या उशाशी ठेवायची रीत होती आणि म्हणूनच काही जुनी पाती न झिजता आपल्यापर्यंत आली. आजी किंवा आत्या सांगू शकेल. ते एका कागदावर लिहून चाकूबरोबर ठेव. गिऱ्हाइकाला त्याचं मोल नसेल, आमच्या बैठकीत आहे.

आलास तर चालेल, विचारतोस काय. रॉजर्स आण, पण रोजच्या कामाला त्याला जुंपू नको; त्यासाठी दुसरा घे. ओपिनेलचा ८ नंबर, कार्बन पात्याचा, हा सरळ पर्याय. मला विचारशील तर यात्रेत लोहाराकडून घडवून घे. त्याला कमानीचा चाकू सांगू नको, पालात ती कमान धड बसत नाही आणि तो बिचारा नको म्हणणार नाही. नुसत्या खिळ्यावर घट्ट फिरणारं पातं माग, कमान नाही, खटका नाही. जपानच्या मिकी गावात हिगोनोकामी नावाने असेच बिनकमानीचे चाकू १८९० च्या दशकापासून बनतात, आणि ते जगभर जमवले जातात. मुठीला अंजनाचं लाकूड सांग, आपल्याकडच्या डोंगरांत ते आहे आणि चिवटपणात त्याचा हात धरणारं लाकूड थोडं. खिळा तांब्याचा नको, लोखंडी घे, आणि दोन्ही बाजूंना वॉशर घालायला लाव. वर्षभराने पातं सैल झालं की त्याच खिळ्यावर हातोडीचे दोन टोले बसतात आणि ते पुन्हा घट्ट होतं. हे काम कुठल्याही गावात, पाच मिनिटांत.